चौथ्या धुण्याची बाटली

धनेश,

चार वेळा फोन केला. चारही वेळा वाजून वाजून बंद पडला. गोडाऊनच्या गेटवर ड्युटीत फोन हातात घेऊ देत नाहीत, असं जागृती म्हणाली. बरं. पण घरी आल्यावर तरी करशील की नाही? मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. फोनची वाट बघत ओट्यावर बसून राहणं मला जमत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहिणार आहे. तू हे वाचशीलच याची खात्री नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला धनेश कोण हे कळायला हवं. लोकांना तू तेलवाला म्हणून माहीत. वालीवच्या कॅन्टीनांच्या मागच्या दारी, चिंचोटीच्या वडापावच्या गाड्यांशी, गोखिवऱ्याच्या फरसाणवाल्याकडे निळा कॅन घेऊन उभा राहणारा, तळून उरलेलं तेल मागणारा माणूस. त्या तेलाचं तू काय करतोस हे थोड्यांना ठाऊक होतं, आणि कशासाठी करतोस हे त्याहून थोड्यांना.

निधीसाठी. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच कारण होतं.

निधी तुझी एकुलती एक. एकोणीस वर्षांची. कॉलेजातून येताना चिंचोटी नाक्यावर एका कंटेनरनं तिच्या स्कूटीला मागून ढकललं आणि ती दुभाजकावर पाठीवर पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस पूर्ण तुटलेली नाही, पाय परत येऊ शकतात, पण पहिलं वर्ष वाया घालवू नका. आठवड्यातून तीनदा व्यायाम, एकही चुकवायचा नाही. व्यायाम करून घेणारी स्टेफी वसई पश्चिमेला आणि तुमचं घर कामणला. मध्ये तो रस्ता. त्या रस्त्यावरून धडधाकट माणूस रिक्षातून गेला तरी कंबर धरून उतरतो, आणि या मुलीला बसवून न्यायचंच नव्हतं. झोपवून न्यायचं होतं. म्हणून तू टेम्पोच्या हौद्यात काथ्याची गादी घातलीस, दोन बाजूंना दोन लोड लावलेस, वर ताडपत्री बांधलीस. तुझी बायको जागृती उशाशी बसून तिचं डोकं मांडीवर घट्ट धरायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

टेम्पो जुना, डिझेलचा. अपघाताआधी तू त्याच्यातून वालीवच्या कारखान्यांचा माल कामणच्या गोडाऊनांत टाकायचास. आता निम्मे दिवस मुलीत गेले, तेव्हा भाडीही निम्मी झाली. पंपावरचं डिझेल भरून आठवड्यातून एक फेरी परवडायची. तीन लागत होत्या. उरलेल्या दोन फेऱ्यांसाठी तू लोकांच्या कढयांच्या मागे लागलास.

माझ्याकडे आलास तेव्हा मी ओट्यावर केळीच्या फण्या वेगळ्या करत होते. वाघोलीत आमची वाडी आहे, वाडी म्हणजे आता उरलीय ती चार ओळी केळी आणि थोडी सोनचाफ्याची झाडं. टक्कल पडलेला एक माणूस फाटक उघडून आत आला, हातात कॅन.

"बाई, वळखलंत का?"

"नाही. आणि मला तेल नकोय."

"बाई, मी धनेश. काळूरामचा. कामनच्या शालेत दहावी ब. तुमी मना बाकावर उभा केलेला."

"अर्ध्या कामणला मी बाकावर उभं केलं होतं. विषय सांग."

"साबन," तू म्हणालास.

मग ओळखलं. मी कामणच्या हायस्कुलात नऊ वर्षं विज्ञान शिकवलं, नंतर इकडे पश्चिमेच्या शाळेत बदलून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. कामणला दरवर्षी दहावीला साबण करून दाखवायची. तेल, कॉस्टिक सोडा, ढवळायचं, आणि शेवटी मूठभर मीठ टाकायचं, म्हणजे पाण्यात विरलेला साबण फाटून वर येतो. तू हात वर केला होतास: "बाई, आमच्या मिठागरातला मीठ चालंल का?" वर्ग हसला. मला वाटलं तू चेष्टा करतोस, म्हणून बाकावर उभं केलं. आणि वर म्हणाले, "चालेल. मीठ ते मीठ."

हे वाक्य लक्षात ठेव. मी विसरले होते, तू विसरला नव्हतास.

तू मोबाइलवर बघून शिकला होतास. टाकाऊ तेल फडक्यातून गाळायचं, त्यातलं पाणी उडवायचं, मग मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून कोमट ठेवायचं. खाली काळं ग्लिसरीन बसतं, वर राहतं ते डिझेलच्या जागी गाडीत चालतं. पण वर राहतं त्यात साबण असतो, तो पाण्यानं धुऊन काढावा लागतो. एकदा, दोनदा, चारदा. तू त्याला 'धुनं' म्हणायचास, कपड्यांसारखं. पहिलं धुणं, दुसरं धुणं. तुझं पहिल्याच पायरीवर अडलं होतं. सोडा किती घालायचा ते जमत नव्हतं.

"प्रत्येक कढईचं तेल वेगळं जळलेलं असतं," मी सांगितलं. "आधी तपासायचं. घरात हळद आहे ना? हळदीच्या डागावर साबण लावला की काय होतं?"

"लाल."

"मग झालं. थोडं तेल स्पिरिटमध्ये घे, हळद टाक, सोड्याचं पाणी थेंब थेंब सोड. लाल व्हायला जितके थेंब जास्त, तितकं तेल वाईट, तितका सोडा जास्त. आणि चुलीवर तापवलंस तर घर उडेल. गरम पाण्याच्या टपात कॅन ठेव. आणि मिथेनॉलची वाफ डोळ्यांत गेली तर आंधळा होशील, समजलं?"

"समजला, बाई." आणि खिशातून इंजेक्शनची सिरिंज काढून दाखवलीस. हॉस्पिटलातून आणलेली, निधीची. थेंब मोजायला.

मी तुला चहा दिला नाही. केळी दिली. तू चार खाल्लीस आणि उरलेली निधीसाठी मागून घेतलीस. मागायची लाज तुला राहिली नव्हती, हे मला आवडलं. मुलगी झोपून असताना लाज बाळगणारा बाप काय कामाचा?

तेल मिळवायची तुझी पद्धत मात्र तुझीच होती. पैसे देऊन तेल घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तू अदलाबदल करायचास. खाली बसलेल्या ग्लिसरीनचे साबण करायचास, तपकिरी, वेडेवाकडे, अळूच्या वड्यांसारखे कापलेले. एका कॅनला चार वड्या. मला दोन दिल्या होत्यास. मी त्यांनी फरशी धुतली. हात धुवायची माझी छाती झाली नाही.

सगळ्यांत चांगलं तेल बर्थाचं. बर्था माझी जुनी ओळखीची, गिरीजला राहते, लग्नाकार्यांच्या ऑर्डरी घेते, पॅन रोल नि कटलेट. दोनदा तळलं की तेल बदलते. तुला तिच्याकडे मीच नेलं. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आधी साबण दाखव. मग तेल."

तू वडी दिलीस. तिनं हुंगली.

"ह्याला वास कसला?"

"कसलाच नाय, आंटी."

"माझ्या कटलेटचा आहे. माझ्याच कटलेटनं मी अंग धुवू?" पण वडी तिनं परत दिली नाही. आत जाऊन डबा घेऊन आली. "हा घे. आणि ऐक, परवा अंबाडी रोडला तू माझ्या रिक्षाच्या पुढे होतास. तुझ्या धुरानं रिक्षावाल्याला भूक लागली. मला विचारतो, मावशी, इथं कुठे काय तळतायत?"

तू हसलास. तुला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि नंतर आणखी एकदाच.

ते दुसरं हसू जानेवारीतलं. शुक्रवारी दुपारी टेम्पो आमच्या फाटकाशी थांबला. हौद्यात निधी गादीवर पडलेली, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तू खाली उतरलास आणि हसत हाताची पाच बोटं दाखवलीस, मग दुसऱ्या हाताची दोन.

"काय सात?"

"पावला," तू म्हणालास. "दोन दांड्यांच्या मदी. सात पावला टाकलंन, बाई."

निधी आडवी पडल्या पडल्या म्हणाली, "साडेसहा. सातवं स्टेफीदीदीनं ढकललं." जागृतीनं पदर तोंडाला लावला. मी आत जाऊन केळी आणली, दुसरं काही सुचेना.

फेब्रुवारीत तुझं तेल गेलं.

त्यात कुणाचं पाप नव्हतं. एका कंपनीची गाडी वसईत फिरायला लागली. पांढरी, झाकणाचे पिंप, पावती. तळून काळं झालेलं तेल पुन्हा खाण्यात जाऊ नये म्हणून हॉटेलांनी ते अशा गाडीला द्यायचं, असा नियमच आहे म्हणे, आणि नियम चांगलाच आहे. कंपनीही त्याचं इंधनच करते. फरक इतकाच की ती रोख देते आणि तू साबण द्यायचास. फरसाणवाल्यानं पहिल्यांदा नाही म्हटलं. मग कॅन्टीनांनी. वालीवच्या एका कॅन्टीनच्या मॅनेजरशी तुझं झालेलं बोलणं तू मला जसंच्या तसं सांगितलं होतंस.

"भाऊ, एक कॅन. कंपनीला कमी गेला तर तिला काय कळतंय?"

"रजिस्टर आहे. किती तेल आणलं, किती गेलं, सगळं लिहावं लागतं."

"माझी पोरगी हाय भाऊ, बिछान्यात हाय."

"तू मागच्या महिन्यात पण हेच बोलला."

"मागच्या महिन्यात पन बिछान्यातच व्हती."

यावरही मॅनेजरनं कॅन दिला नाही. त्याचंही बरोबर. तू गेटबाहेर येऊन टेम्पोत बसलास आणि चावी लावायचं विसरून तसाच बसून राहिलास.

उरली बर्था. पण तिच्याकडे ऑर्डरी असतील तेव्हाच तेल, आणि उपासाच्या दिवसांत कॅथलिकांची लग्नं नसतात. ईस्टरपर्यंत बर्थाची कढई जवळजवळ पालथी. तू हळदीच्या कार्यक्रमांच्या मांडवांत जाऊन आचाऱ्यांना गाठू लागलास. मग हायवेवरच्या ढाब्यांकडे गेलास, मच्छी तळलेल्या तेलासाठी. ते तेल कंपनीची गाडीही नाखुशीनं उचलायची. काळंकुट्ट, तळाशी रव्याचा चिखल, मीठमसाला, पाणी. तुझ्या सिरिंजमधले थेंब दुपटीनं वाढले. सोडा जास्त घालावा लागला. सोडा जास्त म्हणजे साबण जास्त. आणि साबण जास्त म्हणजे धुताना तेल आणि पाणी वेगळं होईना, सगळ्याचं ताक झालं. दोन दिवस थांबलास, ताकाचं ताकच. आणि सोमवार तोंडावर.

तेव्हा तुला माझा दहावीचा तास आठवला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तू आलास तो चार बाटल्या घेऊन, एकेका धुण्यानंतरच्या तेलाची एकेक. ओट्यावर ओळीनं मांडल्यास. पहिली पांढरीफट, दुसरी धुरकट, तिसरी बरी, चौथी मधासारखी. आरपार दिसत होतं.

"कसं केलंस?"

"मीठ. जाडा मीठ टाकला पान्यात आनि त्या पान्यानं पयलं धुनं केलं. घंट्यात फाटला, बाई. साबन मदी, पानी खाली, तेल वर. तुमी दाखवलेला तसाच."

मला अभिमान वाटला, हे इथे कबूल करते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाकावर उभ्या केलेल्या पोरानं माझा धडा कामाला लावला होता. मग डोकं चालायला लागलं.

"आणि ते मीठ? ते कुठे गेलं?"

"नंतर तीन धुनी साध्या पान्याची केली ना."

"साधं म्हणजे कसलं?"

"आमच्या बोरिंगचा."

"मीठ राहिलं असलं तर? इंजिनात मीठ गेलं म्हणजे गंज. डिझेलचा पंप किती नाजूक असतो तुला माहितेय ना?"

"नाय राहिला. मी बघतो ना प्रत्येक वेलेला." आणि तू शेवटच्या धुण्याच्या पाण्याची छोटी बाटली काढलीस, बोट बुडवलंस आणि चाटलंस.

"थुंक," मी ओरडले. "मिथेनॉल आहे त्यात, मूर्खा."

तू थुंकलास, तोंड धुतलंस आणि म्हणालास, "गोड हाय, बाई. जरापन खारट नाय. आमच्या जिभंला कलतं. आमचा बाप मिठागरातला पानी नुसता जिभंवर घेऊन सांगायचा, किती दिवसात मीठ धरंल. कदी चुकला नाय."

काळूरामला मी बघितलं होतं. पालकसभेला यायचा, गुडघ्याएवढ्या धोतरात, पायांच्या भेगांत मीठ. तो चुकत नसेल. पण जिभेवर विश्वास ठेवायला मी विज्ञान शिकवलं नव्हतं.

"ही चौथी बाटली आणि हे पाणी माझ्याकडे ठेव," मी म्हणाले. "सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला की कळेल. मीठ असेल तर दह्यासारखं पांढरं होतं. माझ्या घरी नाही, शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. शुक्रवारच्या आत सांगते."

"तवर गाडीत टाकू का नको?"

मी काय उत्तर दिलं आठवतं? मला आठवतं. "थोडं डिझेल मिसळून टाक. दोनचार दिवसांनी काय होतंय."

तू बाटलीला चिकटपट्टी लावलीस आणि बॉलपेननं लिहिलंस: धनेश, धुनं चौथं.

शाळा माझ्या घरापासून अकरा मिनिटांवर. माझी शाळा. प्रयोगशाळेतलं ते काचेचं कपाट मी भांडून मंजूर करून घेतलं होतं. मागच्या वर्षी एका कार्यक्रमाला गेले, तर फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "किससे मिलना है? रजिस्टर में लिखो." मी त्याला म्हणाले, मी इथे शिकवायची. तो म्हणाला, सब यही बोलते हैं. नाव लिहून घेतलं, गळ्यात 'अभ्यागत' असा बिल्ला अडकवला. तो बिल्ला मला लागला, धनेश. आत जाऊन आताच्या बाईंकडे दोन थेंब औषध मागायचं, त्या विचारणार कशासाठी, मी सांगणार टेम्पोसाठी. नको वाटलं. गुरुवारी म्हटलं, उद्या. शुक्रवारी शाळेला कसली तरी सुट्टी. सोमवारी केळीवाला येणार होता. तू मंगळवारी फोन केलास.

"बाई, बघितलात का?"

"बघते रे. माझ्यामागे दुसरे उद्योग नाहीत का?"

"नाय, तसा नाय. गाडी चालते बरी. म्हनून इचारला."

पुढच्या आठवड्यात पुन्हा केलास. मी म्हणाले, चालतेय ना? मग झालं. तिसऱ्यांदा तू केलाच नाहीस.

महिनाभर चाललीही. एप्रिलातल्या एका बुधवारी, सकाळी, गोखिवऱ्याच्या पुढे, पुलाच्या चढावर टेम्पो दोनदा हुंदके दिल्यासारखा हलला आणि बंद पडला. हे मला जागृतीनं सांगितलं. मागे हॉर्न, बाजूनं शिव्या. ताडपत्रीखाली तापून भट्टी झालेली. तू बॉनेट उघडलंस, बंद केलंस, पुन्हा उघडलंस. एक बाइकवाला हौद्यात डोकावून म्हणाला, "मयत आहे का?"

निधी म्हणाली, "अजून नाही."

मग तिनंच तुला हाक मारली: "पप्पा, मी उतरून धक्का मारू का?" तू हसला नाहीस. चार रिक्षावाल्यांनी धक्का मारत टेम्पो चढावरून उलटा खाली घेतला आणि क्लिफर्डच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेला. आत मुलगी तशीच झोपलेली. स्टेफीकडची वेळ दहाची होती. अकरा वाजता क्लिफर्डनं पंप सोडवला.

क्लिफर्ड काही तुझा शत्रू नाही. तुझ्या टेम्पोचं सगळं तोच बघायचा. पंपाच्या आत बोट फिरवून त्यानं ते तुझ्या नाकासमोर धरलं. तपकिरी भुकटी.

"हे मी पाचूबंदरच्या बोटींच्या इंजिनात बघितलंय. रस्त्यावरच्या गाडीत नाही. डिझेलच्या टाकीत समुद्र भरला होतास काय?"

"बनंल का?"

"पंप गेला. नोझल गेले. टाकीपासून सगळी लाइन गेली. ह्या गाडीच्या किमतीला एवढं काम कोण करतं? भंगारवाल्याचा नंबर देऊ?"

तू म्हणालास, "तिची वेल चुकली दहाची." क्लिफर्डला वाटलं तू ऐकलंच नाहीस.

त्यानंतरचं थोडक्यात लिहिते, कारण लांब लिहून ते काही बदलत नाही. एका ट्रस्टची अॅम्ब्युलन्स तीनदा मिळाली, मग त्यांच्याकडे यादी मोठी झाली. शेजाऱ्याची पिकअप दोनदा. एकदा रिक्षात आडवं बसवून नेलं, तर पाठीला जखम झाली आणि पुढचे पंधरा दिवस हलवायचं नाही असं झालं. स्टेफी दोन रविवारी आपणहून कामणला आली. दुसऱ्या रविवारी हायवेवर अडीच तास अडकली. तिचं स्वतःचं पोर दीड वर्षाचं. पुढे तिला जमलं नाही. जागृती घरी पाय हलवून द्यायची, पण तिच्या हाताला ते तंत्र नाही आणि निधी कळवळली की तिचा हात थांबायचा. तू टेम्पो विकलास आणि गोडाऊनच्या गेटवर बारा तासांची ड्युटी धरलीस. वर्ष पुरं व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते. तेही गेले.

मी स्टेफीला जाऊन विचारलं.

"टीचर, जानेवारीत तिचा गुडघा सरळ होत होता."

"आता?"

"आता दोन्ही गुडघे आखडलेत. आधी ते सोडवायचे. पावलांचं नंतर."

"नंतर म्हणजे कधी? मला आकडा सांग."

ती खाली वाकली आणि व्यायामाच्या वाळूच्या पिशव्या उचलून कोपऱ्यात लावू लागली. सगळ्या लावून झाल्या तरी वळली नाही.

म्हणून मागच्या महिन्यात मी रिक्षा करून तुझ्याकडे आले. निधी खिडकीशी होती, गुडघ्यांखाली उशी. मोबाइलवर कुणाच्या तरी हिशेबाच्या नोंदी करत होती, घरबसल्या काम मिळालंय म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, केळी आणली नाहीत?" मी खरंच विसरले होते.

तू ड्युटीवरून नुकताच आला होतास, युनिफॉर्म अंगावरच. तू म्हणालास, "माझीच चूक, बाई. मच्छीच्या तेलात मीठ असतो. तोच नडला. बर्था आंटीचा तेल पुरवून पुरवून वापरायला पायजे होता. हावरटपना केला मी."

जागृती म्हणाली, "रोज हेच बोलतात. जेवतानापन."

"बाई, ती बाटली बघितलीत का कदी?"

"नाही," मी म्हणाले.

"असू दे," तू म्हणालास. "आता काय उपेग." आणि जागृतीला म्हणालास, "बाईंना पानी दे. उन्हातून आल्यात."

तिनं तांब्या भरून दिला. मी घोट घेतला. मचूळ होतं. नुसतं मचूळ नाही, चक्क खारट. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू तोच तांब्या उचललास, वरून घटाघटा प्यायलास आणि तोंड पुसून म्हणालास, "आमच्या बोरिंगसारखा गोड पानी अख्ख्या आळीत नाय."

मी उरलेलं पाणी शेवटपर्यंत प्यायले, रिक्षात बसले आणि घरी आले.

तेव्हा आता ऐक. चार फोन त्यासाठीच होते. तेलाचा दोष नाही. मच्छीच्या तेलातलं मीठ गाळतानाच निघून जातं. तू मूठ मूठ घातलेलं मीठ मात्र धुऊन काढायला गोडं पाणी लागतं, आणि तू ते खारट पाण्यानं धूत होतास. चार नाही, चाळीस धुणी केली असतीस तरी त्या पाण्यातलं मीठ मागे राहिलंच असतं. वर्षानुवर्षं ते पाणी पिणाऱ्या जिभेला ते कळणार नव्हतं. तुझ्या जिभेला नाही, जागृतीच्या नाही, काळूराम असता तर त्याच्याही नाही. एका थेंबाला कळलं असतं. तो थेंब मी टाकायचा होता. माझ्या घरी महापालिकेचं पाणी येतं, वाटलं तर तू इथून कॅन भरून नेले असतेस. जेवताना स्वतःला बोल लावायचं बंद कर. जागृतीला हे वाचून दाखव.

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी; पाण्याची छोटी बाटली तिच्यामागे. वरचं अजून मधासारखं आहे. तळाशी मोहरीएवढा पाण्याचा एक मणी जमलाय. चिकटपट्टी सुटत आली होती, ती मी पुन्हा दाबून लावली. शाळा सकाळी साडेसातला उघडते. काल सात वाजून वीस मिनिटांनी बाटली पिशवीत घातली, चपला घातल्या, वाडीच्या फाटकापर्यंत गेले. मग परत येऊन ती होती तिथे ठेवली.